बरण्यांची वाटणी

१९ मे, रात्री

आमच्या वाड्यात लोणचं घरासाठी म्हणून कधी घातलंच गेलं नाही. म्हणजे आम्हीही खायचो, रोज खायचो, पण आजीच्या हिशेबात घर सगळ्यात शेवटी. मे महिन्यात बरण्या भरल्या की आधी ठरायचं कुठली कुणाची. सांगलीच्या आत्याची एक, मोठी. सहकारनगरच्या काकांची एक. दादरच्या मामेआजीला साखरांबा, कारण तिला दात नव्हते. घरात कुणाचं बाळंतपण यायचं असेल तर तिच्यासाठी लिंबाचं जुनं, काळं पडलेलं लोणचं राखून ठेवलेलं. उपासाचं वेगळं, त्याला इतर वेळी हात लावायचा नाही. या सगळ्यांतून उरलं ते आपलं. कोठीच्या खोलीतल्या बरण्या डावीकडून उजवीकडे बघत गेलं की आमचे सगळे नातेवाईक मोजून व्हायचे.

आज मंडईत गेले होते. कोथरूडहून मेट्रोनं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून. कैऱ्यांच्या दोन पिशव्या घेऊन सरकत्या जिन्यावर उभी राहिले तेव्हा वाटलं, आजीनं हे बघितलं असतं तर आधी जिन्याचं कौतुक केलं असतं आणि मग कैऱ्यांचा भाव विचारून मला झापलं असतं. राजापुरी मिळाल्या, बऱ्या आहेत. बाहेर मोठे अडकित्ते घेऊन बसतात त्यांच्याकडून फोडूनही घेता येतात, मी तेच केलं. आजीला ते चाललं नसतं. तिला प्रत्येक फोडीला बाठीचा तुकडा लागे, तो असला की फोड वर्षभर करकरीत राहते असं तिचं म्हणणं. फोडणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, आता सगळ्यांना बिनबाठीच्या पाहिजेत."

घरी आल्यावर फोडी पुसून पंचावर पसरल्या. पुसायच्या म्हणजे एकेक फोड हातात घेऊन, कोयीजवळचा पातळ पापुद्रा काढून. ह्या कामाला शॉर्टकट नाही. पाण्याचा थेंब राहिला की बुरशी आलीच. मीठ मंद आचेवर भाजून गार केलं, तेही त्याच कारणासाठी. चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ, हे आजीचं माप. हल्ली कुणाला सांगितलं की डोळे मोठे करतात, पण मिठामुळेच लोणचं टिकतं, चव हा पुढचा भाग. वरून तेल ओततो तेही चवीसाठी नाही. फोडी तेलाखाली बुडाल्या की हवा लागत नाही आणि बुरशीला हवा हवी असते. मसाला मात्र केप्रचा तयार आणलाय. मोहरी फेसत बसायची हौस माझ्यात नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

आजी बरणीला हिंगाची धुरी द्यायची. धुतलेली बरणी कडक उन्हात तापवायची, मग निखाऱ्यावर खडा हिंग टाकून त्यावर ती पालथी धरायची. आत निळसर धूर भरायचा आणि कोठीची खोली संध्याकाळपर्यंत हिंगानं घमघमायची. भरून झालं की जुन्या धोतराचा दादरा आणि सुतळीच्या दोन गाठी. ती गाठ आजीशिवाय कुणी सोडायची नाही.

हे सगळं गोड करून सांगताना एक गोष्ट हमखास गाळली जाते. बाहेरची असलेल्या बाईनं त्या खोलीच्या उंबऱ्यापाशीसुद्धा यायचं नाही, लोणचं नासतं. आई त्यावर कधी वाद घालत बसली नाही. तिनं लग्नाआधी फळं टिकवायचा एक वर्ग केला होता, सरबतं, जॅम, केचप वगैरे. तिच्या वहीत पाढ्यासारखं लिहिलेलं होतं: फिक्या रंगाच्या रसाला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, टोमॅटोला आणि लाल-जांभळ्या फळांना सोडियम बेंझोएट, कारण पहिल्यानं त्यांचा रंग उडतो. आजीच्या कोठीला कुलूप असलेल्या त्या चार दिवसांत आई स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत स्टोव्ह मांडून संत्र्याचं स्क्वॅश करायची, आमरस बाटल्यांत भरायची. पातेल्याच्या तळाशी जाड फडकं, त्यावर बाटल्या उभ्या, गळ्यापर्यंत पाणी आणि अर्धा-पाऊण तास उकळी. फडकं नसलं तर काच तडकते. आमच्यापैकी कुणी मटार असे भरू या का म्हटलं की ती ठाम नाही म्हणायची: आंबट गोष्टी उकळत्या पाण्यानं भागतात, मटाराला प्रेशर लागतं, नाहीतर विषबाधा. तिच्या बाटल्या वर्षभर उत्तम राहायच्या. आजी त्या प्यायची, पाहुण्यांनाही द्यायची. आपण काय सिद्ध केलं ते आईनं कधी बोलून दाखवलं नाही. मी असते तर बोलले असते.

आजीच्या बोलण्यात दोन काळ होते, पुराच्या आधीचा आणि नंतरचा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. पुण्यात नारायण पेठेत आमचा वाडा, मुठा नदीच्या बाजूला. माणसं वेळेवर वर गेली, हे नशीब. पण जुलै म्हणजे बरण्या भरून झालेल्या आणि अजून मुरत असलेल्या, एकही वाटणीला गेलेली नाही. पाणी ओसरल्यावर कोठीत गुडघाभर गाळ. त्यातून बरण्या बहुतेक अख्ख्याच निघाल्या, पण दादऱ्यातून मुठा आत शिरलेली. आजीनं गाठी सोडून एकेक बरणी अंगणात उलटी केली. आई तेव्हा या घरात आलेली नव्हती, म्हणजे माझा प्रश्नच नाही. पण हे इतक्यांदा ऐकलंय की कुठल्या बरणीत काय होतं तेही पाठ आहे.

त्या वर्षी बरण्या उलट्या दिशेनं आल्या. सांगलीहून आत्याच्या सासूबाईंनी लोणचं पाठवलं, दादरहून पापड आले. साताऱ्याच्या कुणा लांबच्या मावशीकडून गुळांबा आला, तिला तर आपण कधीच काही पाठवलं नव्हतं. तेव्हापासून तिचीही बरणी सुरू झाली. पुरात दागिने गेले, कपाटं गेली, आजोबांची पुस्तकं गेली, त्याबद्दल आजी फारशी बोलायची नाही. कुणी काय पाठवलं ते मात्र तिला शेवटपर्यंत नावानिशी आठवत होतं.

आजी गेल्यावर वाड्याचा प्रश्न निघाला. बिल्डरला द्यायचा का, दिला तर कुणाला किती. बाबा आणि काका बोलेनासे झाले. वकिलांच्या नोटिसा आल्या-गेल्या. मे महिना आला आणि आईनं नेहमीसारखी काकांची बरणी भरली. बाबा म्हणाले, "कशाला?" ती म्हणाली, "सासूबाईंनी घालून दिलेली वाटणी आहे, ती मी कोण मोडणार? तुमची तुम्ही बघा." न्यायची कुणी, तर मी. लूनावर, पायांच्या मधे बरणी धरून, लक्ष्मी रोडच्या गर्दीतून. काकूनं दार उघडलं, बरणी घेतली, पाणी दिलं आणि अभ्यासाचं विचारलं. वाड्याचं एक अक्षर नाही.

बरणी रिकामी परत करायची नसते, आमच्याकडे तर नाहीच. दिवाळीनंतर ती परत आली ती काठोकाठ भाजणीनं भरून. काकूची भाजणी खमंग असायची, त्यात धणे जरा जास्त. आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी थालीपिठं लावली. बाबांनी तीन खाल्ली, लोण्याबरोबर. भाजणी कुठली ते विचारलं नाही. धणे त्यांना कळले असणारच.

पुढे वर्षानुवर्षं हे असंच चाललं, इकडून लोणचं, तिकडून कधी भाजणी, कधी मेतकूट. भाऊ बोलायला लागले, पण ते लोणच्यामुळे, असं म्हणायचा मोह मी टाळते. बिल्डरनं दोघांनाही सारखंच रखडवलं, म्हणून ते एकत्र येऊन त्याला शिव्या घालायला लागले, हे खरं कारण.

आता माझी यादी. आत्या नाही, पण तिच्या सुनेची एक. चुलतभावाची एक, त्याच्या बायकोला वहिनी म्हणते पण ती माझ्यापेक्षा लहान आहे. साताऱ्याची मावशी कधीच गेली, तिच्या नातवाचा पत्ता बदललाय, तो विचारून घ्यायचाय. चुलतभावाच्या मुलीचा बंगळूरहून संध्याकाळी फोन: "आत्या, मला या वेळी मीठ आणि तेल दोन्ही कमी घाल ना, डाएट चालू आहे." तिला म्हटलं, घालते, पण मग ते लोणचं नाही, कोशिंबीर समज. महिन्याभरात संपव आणि फ्रिजबाहेर ठेवू नकोस. ती हसली. तिची बरणी काचेची, छोटी, उद्या वेगळी कालवायची आहे. झाकणावर स्केचपेननं 'फ्रिज' असं मोठं लिहीन, नाहीतर ही मुलगी ओट्यावर ठेवेल आणि बुरशी आली की आत्याचा हात गेला म्हणेल.