पांढरी चारचा बाजा

मंगळवार, रात्रीचे अकरा

आज ऑफिसमधून साडेपाचला निघाले म्हणजे पळालेच जवळजवळ, कारण इथे मॅनहॅटनमधे सतराव्या रस्त्याजवळच्या एका छोट्या हॉलमधे सहाला इंग्लिश हॉर्नचा कार्यक्रम होता. पाऊण तासाचा, साथीला फक्त पियानो. साठेक खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. मी सरळ दुसऱ्या रांगेत जाऊन बसले, कारण आज मला ऐकण्यापेक्षा बघायचं जास्त होतं.

आत्तापर्यंत हे वाद्य लांबूनच ऐकलंय. ऑर्केस्ट्रात ते वाजवणारा माणूस बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसतो, मग दोन मिनिटं असं काहीतरी वाजवतो की सगळा हॉल श्वास धरून ऐकतो, की परत गप्प. पंक्तीत फक्त तूप वाढायला येणाऱ्या काकूंसारखं. तूप पडल्याशिवाय पानाला मजा नाही हे सगळ्यांना माहिती असतं, पण काकू एरवी कुठे असतात कोणी विचारत नाही. आज काकू पाऊण तास समोर.

नाव तर चायनीज भेळेसारखं आहे, ना चायनीज ना धड भेळ. इंग्लंडशी याचा खास संबंध नाही आणि हॉर्न म्हणजे पितळेचं असतं तसंही हे नाही. ओबो म्हणजे सनईच्या जातीचं पाश्चात्त्य वाद्य, त्याचं हे थोरलं भावंड, काळ्या लाकडाचं, वर वाकडी पितळी नळी, तिच्यावर रीड, म्हणजे फुंकायची पत्ती, आणि खालचं तोंड फुगीर. मी मिरजेची, सतारमेकर गल्लीत वाळत टाकलेले भोपळे बघत शाळेत गेलेली, त्यामुळे मला तो फुगीर भाग चिमुकल्या भोपळ्यासारखाच दिसतो.

वाजवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या. सुरू करायच्या आधी दोन वाक्यं बोलल्या, त्यात म्हणाल्या की हे वाद्य एफमधे आहे, म्हणजे कागदावर सी लिहिलेला असला की प्रत्यक्षात खालचा एफ वाजतो, बोटं मात्र ओबोचीच. शेजारचे आजोबा गोंधळलेले दिसले, मला मात्र एकदम सोपं वाटलं, पेटीवर पांढरी चारला, म्हणजे त्यांच्या एफलाच, सा धरला की झालं! सा हलवायची सवय आपल्याला लहानपणापासूनच असते.

स्टँडशेजारी स्टुलावर कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी होती, त्यात पाणी आणि पाण्यात रीड. सनईची पत्ती तोंडात धरून ओली करतात तेच काम. बाईंनी एक रीड काढलं, नुसतंच फुंकून बघितलं, कोंबडीचा गळा धरल्यासारखा आवाज आला, तोंड वाकडं केलं, दुसरं घेतलं.

आधी दोनिझेत्तीचं कॉन्चेर्तिनो, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून लिहिलेली छोटी रचना. ऑपेरावाला दोनिझेत्ती, पण हे १८१६चं, म्हणजे पोरगा अठरा वर्षांचा आणि बोलोन्यात शिकत होता. एक साधी चाल आणि मग तिचीच वेगवेगळी रूपं, प्रत्येक खेपेला नक्षी वाढत जाते. ऐकायला गोड, पण मला विशेष वाटलं नाही, त्यात सगळं जमतंय हे दाखवायची घाई आहे. अर्ध्यात एका सुरावर गुडगुड ऐकू यायला लागली, हुक्क्यासारखी. श्वासाची वाफ आत थंड होते आणि पाणी एखाद्या भोकात जाऊन बसतं. पियानोला चार मात्रा मिळाल्या तेवढ्यात बाईंनी त्या चावीवर फू केलं, खिशातून सिगरेटचा पातळ कागद काढून चावीखाली सारला, दाबला, काढला, आणि वेळेवर सुरात आल्या. कागद बोटाला चिकटून राहिला तो तसाच. त्या चार मात्रांसाठी मी तिकिटाचे पैसे परत एकदा द्यायला तयार आहे.

मग हिंडेमिट या जर्मन संगीतकाराचा सोनाटा, १९४१चा. तो तेव्हा येल विद्यापीठात शिकवायचा आणि त्याने जवळपास प्रत्येक वाद्यासाठी असा एकेक सोनाटा लिहून ठेवलाय. संथ भाग, जलद भाग, परत संथ, मधे थांबणं नाही, आणि गोड बोलायची तर बातच नाही. कोरडं, विचार करत चालल्यासारखं. मला हाच जास्त आवडला. आणि इथेच ते दिसलं ज्यासाठी मी दुसऱ्या रांगेत बसले होते. लांब ओळ संपली की बाई आधी श्वास सोडायच्या, चांगला जोरात, ऐकू येईल असा, आणि मग घ्यायच्या. मला वाटायचं फुंकणाऱ्याला दम पुरत नसेल. इथे उलटंच! रीडची फट इतकी बारीक की हवा जातच नाही, छाती भरलेलीच राहते पण वापरलेल्या हवेने, आणि जीव कासावीस होतो तो त्या शिळ्या हवेने. आधी ती टाकायची मग नवी. एकदा कळल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना, मी पण त्यांच्याबरोबर सोडत बसले, आजोबांनी एकदा वळून बघितलं.

शेवटी सगळ्यांना हवं होतं तेच, चेक संगीतकार द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीतला लार्गो, म्हणजे संथ भाग, ऑर्केस्ट्राऐवजी पियानोवर जमवलेला. हा माणूस याच सतराव्या रस्त्यावर राहायचा, इथल्या कॉन्झर्व्हेटरीचा, म्हणजे संगीतशाळेचा, डायरेक्टर होता, आणि ही सिंफनी डिसेंबर १८९३मधे कार्नेगी हॉलमधे पहिल्यांदा वाजली. घर १९९१ला पाडलं, आता समोरच्या बागेत नुसता पुतळा आहे. हॅरी बर्ली नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला घरी जाऊन स्पिरिच्युअल्स, म्हणजे कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं, गाऊन दाखवायचा. चाल मात्र द्वोर्झाकचीच, 'गोइंग होम' हे शब्द दुसऱ्या एका विद्यार्थ्याने १९२२ला बसवले, लोक उगाच ते जुनं गाणं समजतात.

ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. चक्क भूप, म आणि नी वर्ज्य असलेला, आणि तोही काळी एकमधे! सारखं वाटत होतं आता बाई 'ग'वरून 'रे'वर मींड घेतील, पण चाव्यांचं वाद्य ते, तशी मींड कुठली.

घरी येऊन साडेनऊला आईला फोन लावला, तिकडे सकाळचे सात, चहा चाललेला. म्हटलं आई ऐक, आणि गुणगुणले.

"भूप आहे. पुढे?"

पुढची ओळ म्हटली, ध सां सां, नी प ध.

"थांब. निषाद कुठून आणलास? चुकलीस."

"अगं चुकले नाही, तो तसाच आहे."

"मग तो चुकलाय," आई म्हणाली आणि चहा गाळायला गेली.