कुरडया, कुंकवाचं पाणी आणि रोटरी इंजिन

इंजिन पहिल्यांदा धडाडलं तेव्हा शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "गिरणी टाकली का गं?" नऱ्ह्यातल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षं विमान बांधलं जातंय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तिथवर पोचायलाच दोन रविवार गेले होते. इंजिन माझदाचं १३बी, जुन्या गाडीतून काढलेलं. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत तिकोनी रोटर फिरतो. असे दोन, प्रत्येकी ६५४ सीसीचे. रोटरचा एक फेरा होईतो शाफ्टचे तीन होतात. खरी ताकद सहा हजार आरपीएमच्या आसपास, आणि प्रोपेलरला एवढा वेग झेपत नाही, म्हणून मध्ये २.८५ ला १ असा गिअरबॉक्स.

पहिल्या रविवारी ते ओव्हरफ्लो झालं. मी हट्टाने स्टार्टर मारत राहिले आणि आणखी बिघडवलं. रोटरच्या टोकांवरच्या सीलना तेलाचा पातळ थर लागतो. जास्तीच्या पेट्रोलने तो धुऊन निघाला की कॉम्प्रेशन जातं. नाना म्हणाले, "अगं, थांब जरा. आधी पेट्रोल बंद कर." नाना बाबांचे मित्र, भोसरीत लेथवर आयुष्य गेलेलं. इंजेक्टरचा फ्यूज काढला, चारही प्लग खोलले, थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन फिरवलं, मग प्रत्येक रोटरमध्ये टू-स्ट्रोक तेलाचे चार थेंब. पुन्हा फिरवताना प्लगच्या भोकातून फुस-फुस-फुस असे सारखे फुत्कार यायला लागले. तीनपैकी एक जरी लंगडा आला असता, तर इंजिन खोलावं लागलं असतं.

शेपूट नायलॉनच्या दोराने शेडच्या खांबाला बांधलेली, चाकांना पुढून-मागून ठोकळे, भाच्याच्या हातात आग विझवायचा सिलिंडर. प्रोपेलरच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हा नियम नानांनी स्वतःलाही लावला होता.

खरं दुखणं तेलाच्या तापमानाचं निघालं. चार हजारावर तीन मिनिटं झाली नाहीत तोच काटा १०४ वर, आणि आम्ही मर्यादा ठरवली होती १००. बंद. रोटरला आतून तेलच गार करतं, इंजिनाची सुमारे एक तृतीयांश उष्णता तेलातून बाहेर जाते, त्यामुळे इथे हयगय चालत नाही. आधी संशय सेन्सरवर. शेगडीवर पाणी उकळून त्यात तो बुडवला तर ९८ दाखवतो. "दोन अंश चुकतोय," मी म्हटलं. भाचा हसला, "मावशी, पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे. इथे पाणी ९८ लाच उकळतं." झालं, सेन्सर सुटला.

मग ज्याला विचारावं तो म्हणे मोठा ऑइल कूलर लाव. म्हणजे वजनही वाढणार आणि खर्चही. नानांनी त्याऐवजी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, यू आकारात फळीला बांधली, दिसायला सोपं जावं म्हणून पाण्यात चिमूटभर कुंकू घातलं. एक टोक कूलरच्या पुढे, दुसरं मागे. चार हजारावर दोन्हीकडच्या पाण्यात फरक जेमतेम ४ मिलिमीटर! मागचं टोक काढून मोकळ्या हवेत सोडलं, तर फरक २०. म्हणजे हवा कूलरपर्यंत दाबाने पोचत होती, पण मागे कोंडत होती. तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. मी पुढचं तोंड रुंद करायला निघाले होते. ते केलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, खालचं हवा बाहेर जायचं तोंड वाढवलं, त्याच्या पुढच्या कडेला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची खाली वळवलेली पट्टी रिव्हेट केली. कूलरच्या पुढच्या-मागच्या पाण्यातला फरक ४ वरून १३ वर गेला. सकाळी सातच्या गारव्यात पाच हजारावर दहा मिनिटं चालवलं, तेल ८८.

पण सकाळचा आकडा खरा धरता येत नाही. एप्रिलच्या दुपारी, ३९ अंशांत काय होतं ते बघायला हवं. म्हणून दोन वाजता लावलं. सातव्या मिनिटाला तेल ९६ वर येऊन थबकलं आणि मी कॉकपिटमध्ये टाळी वाजवणार, तेवढ्यात नाना हातवारे करत धावत आले. प्रोपेलरच्या वाऱ्याने अख्ख्या आवारातली धूळ उडून काकूंच्या गच्चीवरच्या कुरडयांवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी तीन किलो गहू घेऊन गेले. काकू रागावल्या नाहीत, पण त्यांना जे कडक ऊन हवं तेच आम्हालाही हवं. अर्ध्या तासाची पुढची टेस्ट आता त्यांचा शेवटचा घाणा वाळून डब्यात गेल्यावर.