तुम्ही विचारलंत म्हणून : शिडी किती फुटी घेऊ?

मागच्या आठवड्यात आमच्या नाशकातल्या सिडकोतला एक मुलगा ऑफिसात आला. सीसीटीव्ही बसवायची कामं नुकतीच घ्यायला लागलाय. खुर्चीत टेकायच्या आत विचारलं, "काका, शिडी घ्यायचीय. ८ फुटी घेऊ की १० फुटी?"

हा प्रश्न मला वर्षातून वीसेक वेळा तरी येतो. पेंटर विचारतात, सातपूरच्या वर्कशॉपमधले मेंटेनन्सवाले विचारतात. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार दर हंगामाआधी फोन करून सविस्तर विचारतात आणि घेत मात्र कधीच नाहीत. मी अंबडला इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे, शिड्या विकत नाही. पण सव्वीस वर्षं शिडीवर उभं राहून पोट भरलंय आणि एकदा तिच्यावरून खालीही आलोय, म्हणून लोकांना वाटतं, याला कळत असेल.

मी त्याला उलट विचारलं, "वर गेल्यावर तुझे किती हात अडकणार?"

तो गोंधळला. सगळेच गोंधळतात, कारण दुकानात कुणी हे विचारत नाही. दुकानात फूट विचारतात आणि भाव सांगतात. पण दिवा बदलायला एक हात पुरतो, दुसऱ्यानं शिडी धरता येते. तिथं भिंतीला टेकवायची साधी शिडी चालून जाते. कॅमेऱ्यासाठी भोक पाडायचं म्हटलं की दोन्ही हात ड्रिलवर. शिवाय तुम्ही भिंत जेवढी रेटता, तेवढीच ती तुम्हाला मागे रेटते. बिट अचानक विटेत घुसलं की अंग पुढे जातं, सळईला अडकलं की मशीन हातात पिळा मारतं. अशा कामाला घोडा हवा, म्हणजे उघडून स्वतःच्या चार पायांवर उभी राहणारी शिडी, आणि तोही भिंतीकडे तोंड करून लावलेला. घोडा पुढे-मागे भक्कम असतो, आडव्या अंगाला लेचापेचा. पोरं पॅसेजमध्ये तो भिंतीला समांतर लावतात, वर चढून कंबरेत वळतात आणि कडेच्या भिंतीत ड्रिल मारतात. त्या ढकलण्यानं घोडा कुशीवर पडतो. यात शिडीचा काय दोष?

पडण्याची गोष्ट सांगतोच, कारण दुसरा प्रश्न तिच्यातूनच आलाय.

२००४ साल. एका मशीन शॉपमध्ये कॉलमवरच्या ट्यूबचा चोक बदलायचा होता. १२ फुटी ॲल्युमिनियमची शिडी कॉलमला टेकवलेली. फरशी पुसलेली, दिसायला कोरडी. पण लेथखाली कुलंट, म्हणजे धातू कापताना थंड ठेवायचं तेलमिश्रित पाणी, कायम ठिबकत असतं, आणि कितीही पुसलं तरी फरशीवर त्याचा एक पातळ, साबणासारखा थर राहतो. शिडीच्या पायांना रबरी बूट होते. नव्या बुटाच्या तळाला रेघा असतात. माझ्या शिडीच्या बुटांवर त्या राहिल्याच नव्हत्या. डाव्या पायाचं रबर तर आरपार झिजून आतलं ॲल्युमिनियम रुपयाच्या नाण्याएवढं उघडं पडलं होतं. हे मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. आजचा दिवस निघेल, म्हटलं.

लोकांना वाटतं शिडी मागे कलंडते. तशी ती क्वचित कलंडते. तिचे पाय बाहेर सरकतात, डोकं भिंतीवरून खरडत खाली येतं आणि तुम्ही पायरीवर उभे असल्यासारखेच तिच्याबरोबर खाली येता. ओरडायलाही वेळ मिळत नाही. माझं डावं मनगट मोडलं. थंडीत अजून सांगतं ते.

पण सांगायचं ते पुढेच आहे. त्या कारखान्यात चांगला, नवा घोडा होता. स्टोअरमध्ये, शंभर पावलांवर. किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. अर्धा तास थांबायचं कोण? जी हाताशी होती तिच्यावर चढलो. नंतरच्या वर्षांत मी जेवढी माणसं पडलेली पाहिली, त्यातल्या बहुतेकांची कथा हीच. योग्य शिडी कुठेतरी होती. टेम्पोत होती, वरच्या मजल्यावर होती, कुलपात होती. माणूस ड्रमवर, खुर्चीवर, टेबलावर ठेवलेल्या स्टुलावर चढला.

म्हणून मी दुसरं विचारतो : ही शिडी आणणार कोण आणि कशावर?

इथेच फायबर की ॲल्युमिनियम हा वाद येतो. विजेच्या कामाला फायबर, यात घासाघीस नाही. ॲल्युमिनियम वीज वाहून नेतं, आणि 'मेन बंद केलाय' हे वाक्य मी इतक्या वेळा खोटं ठरलेलं पाहिलंय की त्यावर जीव टाकवत नाही. बाहेरच्या कामात धोका आणखी वेगळा. लांब शिडी आडवी नेताना कुणाचं काही बिघडत नाही; ती भिंतीला टेकवायला उभी करतानाच्या दोन-चार सेकंदांत तिचं टोक सगळ्यात उंच जातं, आणि आपले डोळे त्या वेळी पायाकडे असतात. वर ११ हजार व्होल्टची लाइन असली तर तेवढ्यात खेळ खलास. लाइनच्या आसपास तर फायबरच्या शिडीचाही भरवसा धरायचा नाही. ओली, चिखलानं माखलेली फायबरची शिडीसुद्धा वीज वाहू देते.

पण फायबर जड. त्याच उंचीच्या ॲल्युमिनियमच्या शिडीपेक्षा साधारण सव्वा ते दीडपट. आमच्याकडे एकदा उत्साहानं १० फुटी फायबरचे घोडे आणले, आणि महिनाभरात लक्षात आलं की पोरं ते टेम्पोतून उतरवतच नाहीत. दोघांनी उचलायचं, तीन मजले चढवायचं, त्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या घरातला स्टूल बरा. तेव्हापासून माझा हिशेब असा की, एकट्या माणसाला कुरकुर न करता उचलता येईल तेवढीच शिडी रोजच्या कामाला घ्यायची. मोठी लागेल तेव्हा भाड्यानं आणावी.

आता फुटांकडे येऊ, कारण तो मुलगा अजून समोर बसलाय.

फ्लॅटचा, दुकानाचा स्लॅब १० फुटांच्या आतबाहेर असतो. घोड्याच्या वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नसतं. तिथं गुडघ्याला टेकायलाही काही उरत नाही. म्हणजे ६ फुटी घोड्यावर तुमचे पाय ४ फुटांवर, आणि मध्यम उंचीच्या माणसाचा हात आरामात १० फुटांपर्यंत. त्याच्या बहुतेक कामांना ६ फुटी पुरतो! १० फुटी घेतला तर अरुंद पॅसेजमध्ये तो पूर्ण उघडत नाही, मग मिटूनच भिंतीला टेकवतात. मिटलेल्या घोड्याचे पाय टेकवायच्या कामासाठी बनवलेलेच नसतात, तो सरकतो. जास्त उंच शिडी म्हणजे जास्त सोयीची, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा.

बाहेरच्या भिंतीचं गणित याच्या उलट. तिथं फूट कमी पडतात. '२४ फुटी' म्हणून विकली जाणारी सरकती शिडी म्हणजे १२ फुटांचे दोन तुकडे. ते एकमेकांवर किमान ३ फूट चढलेले राहायला हवेत, म्हणजे उरली २१. ती तिरकी लावायची, त्यात पाऊण फूट गेला. शेडच्या पत्र्यावर उतरायचं असेल तर कडेच्या वर ३ फूट शिडी शिल्लक लागते, नाहीतर उतरताना धरायचं काय? म्हणजे २४ फुटी शिडी खरी चालते १७ फुटांच्या कडेपर्यंत. हे दुकानदार सांगत नाही. नंतर लोक खाली विटा रचून उरलेले फूट भरून काढतात.

तिरकी किती? ज्या उंचीला टेकते तिच्या चौथा हिस्सा पाय भिंतीपासून लांब. १२ फुटांवर टेकली तर ३ फूट. टेप नको. शिडीच्या पायाला चवडे लावून ताठ उभं राहा, हात समोर सरळ करा. तळवे समोरच्या पायरीवर टेकले की झालं.

पण हे सगळं सपाट जमिनीवर. नाशकात सपाट जमीन शोधावी लागते. २०१५ च्या सिंहस्थात गोदाघाटावर दिव्यांची कामं होती. घाटाच्या पायऱ्यांवर घोडा उभाच राहत नाही. दोन पाय वरच्या पायरीवर, दोन खालच्या. पोरांनी पहिल्या दिवशी फरशीचे तुकडे सारून उभा केला. मी पाहिला तेव्हा एक तुकडा शेवाळावर तरंगत होता. काम थांबवलं आणि सरळ परांची बांधून घेतली. त्यावर 'एवढ्याशा दिव्यांसाठी परांची?' अशी थट्टा झाली. झाली तर झाली. ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा विभागाचा एक साधा संकेत आहे की एका जागी सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त काम असेल तर शिडीऐवजी दुसरं काही पाहा. मला तो पटतो, कारण अर्ध्या तासानं तळव्यात गोळे यायला लागतात आणि माणूस पाय बदलताना तोल घालवतो. आता २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांची विचारणा सुरू झालीय, त्यात परांचीचा खर्च मी आधीच धरतो.

वाइनरीत निराळी गंमत. स्टीलच्या टाक्या गोल आणि चकचकीत, त्यांना सरळ शिडी टेकवली की ती कडेला घरंगळते, आणि खाली फरशी दिवसातून कितीदा तरी धुतलेली. तिथं वर उभं राहायला फळी आणि कंबरेएवढा कठडा असलेली प्लॅटफॉर्मची शिडीच हवी. महाग असते, चाकांमुळे हलवायला बरी, आणि चाकं लॉक केल्याशिवाय चढायचं नाही हे रोज ओरडून सांगावं लागतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांत मात्र मला अजूनही बांबूची शिडी आवडते. हलकी, बोळातून वळते, मातीच्या भिंतीला ओरखडा काढत नाही. फक्त दोरीचे आवळे दर पावसाळ्यानंतर तपासा. लाकडाची शिडी कुणी रंगवून दिली तर घेऊ नका. रंगाखाली चीर लपते. तेल किंवा व्हार्निश लावलेली असेल तर रेषा दिसते.

वजनाचं थोडक्यात. शिडीवरचा आकडा तुमच्या एकट्याच्या वजनासाठी नसतो. ७५ किलोचा माणूस, हत्यारांची पिशवी, हॅमर ड्रिल, खांद्यावर केबल, मिळून सहज ९०-९५ किलो होतात. अमेरिकी वर्गवारीत हलकी घरगुती शिडी साधारण ९० किलोंची, 'टाइप १ए' १३६ किलोंची, 'टाइप १एए' १७० किलोंची. कारखान्यात १ए च्या खाली जाऊ नका. आपल्याकडे शिड्यांच्या सुरक्षेसाठी आयएस ३६९६ या भारतीय मानकाचा दुसरा भाग आहे, १९९१ चा. मेंटेनन्स खात्यानं तो आणून ठेवावा.

टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून मिटणाऱ्या शिडीबद्दल त्या मुलानं विचारलंच, कारण ती बाइकवर मावते. मावते खरी. पण ॲल्युमिनियमची, आणि प्रत्येक पायरीला खटके; त्यात सिमेंटची धूळ गेली की एखादा खटका अर्धाच बसतो. घाईत मिटताना बोटं चेमटतात ती वेगळीच. मी त्याला ६ फुटी फायबरचा घोडा सांगितला. बाइकवर मागच्या पोरानं शिडीच्या पायरीतून मान घालून बसायचं नाही, एवढंही बजावलं. तो हसला, म्हणजे तेच करणार होता.

घेतल्यावर फायबरची शिडी गच्चीवर टाकून ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हानं तिचा वरचा लेप जातो आणि पांढरे केसासारखे तंतू वर येतात, तळव्यात काचेसारखे टोचतात. तशी झाली, किंवा उभ्या दांड्याला तडा गेला, तर ती काढून टाकायची. कशी, तेही सांगतो.

माझी दांडा तडकलेली एक शिडी मी भंगारवाल्याला दिली होती. अख्खीच दिली, त्याला उचलायला सोपी पडावी म्हणून. पंधरा दिवसांनी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ सिग्नलला थांबलो होतो, समोर एका दुकानाची पाटी रंगवणं चाललं होतं. शिडी ओळखीची वाटली. दांड्यावर माझ्या फर्मचं नाव होतं, लाल ऑइलपेंटनं, माझ्याच हातचं, आणि तड्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली. गाडी कडेला घेतली, पेंटरला खाली उतरवलं, पैसे देऊन माझीच शिडी परत विकत घेतली. घरी नेऊन हॅक्सॉनं तिचे चार तुकडे केले. आता शिडी मोडीत निघाली की तुकडे करूनच भंगारात जाते.