पडक्या अस्कालॉनमध्ये पाच महिने

आधीच सांगतो, मी काही मोठा गेमर वगैरे नाही. जेवणं आवरली, पोरगी झोपली की रात्री दहानंतर जो दीड-दोन तास मिळतो त्यात खेळणारा माणूस. तरी पाच महिने घालून गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन गेमचं वर्ल्ड कम्प्लिशन, म्हणजे सगळा नकाशा पालथा घालणं, संपवलं, आणि ते बक्षिसासाठी नव्हतं.

मागचं थोडं सांगायला लागेल. पहिला गिल्ड वॉर्स २००५ चा. मी तो हॉस्टेलला रूममेटच्या पीसीवर खेळलो, अकाउंट त्याचं, रात्री तो झोपला की माझी पाळी. त्यात सुरुवातीला अस्कालॉन नावाचं राज्य असतं, गवताळ टेकड्या, द्राक्षाचे मळे, ओढे, आणि शहराबाहेर ग्वेन नावाची एक छोटी पोरगी जी तुमच्या मागे मागे फिरते, तिची बासरी तुटलेली असते, तुम्ही तिला नवी आणून द्यायची, लाल फुलं द्यायची, असलं सगळं निवांत. मग एका मिशनला हो म्हटलं की आकाशातून आगीचे स्फटिक कोसळतात, त्याला सीअरिंग म्हणतात, आणि डोळे उघडतात ते थेट दोन वर्षांनी, सगळं करपलेलं, तपकिरी. त्या कॅरेक्टरला मागे जाताच येत नाही. मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी आपला हो म्हणून बसलो. रूममेट सकाळी उठून म्हणाला, "गेलास ना पलीकडे? आता रड." लेकाला सगळं माहीत होतं.

गिल्ड वॉर्स २ आला २०१२ ला, आणि कथा पहिल्या गेमनंतर अडीचशे वर्षांनी घडते. तेव्हा घेतला नाही, पैसे नव्हते. २०१५ ला मूळ गेम फुकट केला तरी घरच्या लॅपटॉपवर चालेना. आता नवीन मशीन आलं आणि पहिल्याच रात्री डाऊनलोड लावला.

वर्ल्ड कम्प्लिशन म्हणजे मूळ गेमच्या नकाशावरचा प्रत्येक पॉइंट ऑफ इंटरेस्ट (बघण्यासारखी जागा), प्रत्येक वेपॉइंट (झटक्यात पोचायचा थांबा), व्हिस्टा (देखावा बघायची जागा), हिरो पॉइंट (कॅरेक्टरची ताकद वाढवणारी छोटी आव्हानं), आणि हार्ट म्हणजे त्या त्या गावातल्या लोकांची कामं, सगळं एकाच कॅरेक्टरने करायचं. अर्धं एकाने अर्धं दुसऱ्याने चालत नाही, हे सुरुवात करायच्या आधी वाचा, मी पहिले दोन आठवडे दोन कॅरेक्टरमध्ये वाटून वाया घालवले.

मी चार घेतला. चार म्हणजे आकडा नव्हे हो, चार ही जमात आहे, वाघासारखं तोंड आणि वर शिंगं. पहिल्या गेममध्ये अस्कालॉन जाळणारे हेच, आणि आता तिथे राज्यही यांचंच. म्हटलं चला, शत्रूच्या बाजूने बघू. तर ट्यूटोरियलमध्येच समोर भुतं, आणि त्यांचा म्होरक्या ड्यूक बॅराडिन. अरे, याच्या वाड्यावर मी जाऊन आलेलो! मळ्यांपलीकडे याची इस्टेट होती. आणि आता मी वाघाचं तोंड लावून त्याला मारतोय, आणि गेमला वाटतंय की ही नुसती ट्रेनिंग आहे. मी त्या रात्री तिथेच बंद केलं आणि झोपलो.

गंमत अशी की गेम तुम्हाला काहीही सांगत नाही. नकाशावर एक चौकोन उजळतो, नाव येतं, संपलं. ज्याने पहिला गेम खेळलेला नाही त्याला ते नुसतं नाव. हे मला आपल्या किल्ल्यांसारखं वाटलं, रायगडावर उभे राहतो तेव्हा समोर असतात नुसती जोती, बाकी राणीवसा कुठे आणि बाजार कसा भरायचा हे ज्याने वाचलंय किंवा ज्याला कुणी सांगितलंय त्यालाच दिसतं, बाकीच्यांना दगड. प्लेन्स ऑफ अ‍ॅशफर्ड मध्ये अस्कालॉन सिटीचे अवशेष आहेत, तिथे गेलो तेव्हा पहिली पंधरा मिनिटं मला दिशाच कळेना. मग जुने स्क्रीनशॉट शोधून फोनवर उघडले, एका हातात फोन धरून, इकडे जिना होता तर दरवाजा इकडे पाहिजे, असं करत करत जागा लावली. त्यात भुतं सारखी अंगावर येतात, कारण फोफायर. राजा अ‍ॅडेलबर्नने शहर पडताना चार जमातीच्या हाती काही लागू नये म्हणून आपल्या मॅग्डेअर तलवारीने असा काही शाप सोडला की शहरातले त्याचेच सगळे लोक भुतं होऊन तिथेच अडकले, आणि त्यांना अजून वाटतंय की लढाई चालू आहे. माणसाचं कॅरेक्टर घेऊन गेलं तरी ते मारतात, त्यांना सगळेच शत्रू. खाली कॅटाकोम्ब्समध्ये, म्हणजे भुयारी थडग्यांत, डंजन आहे, म्हणजे पाच जणांनी मिळून खेळायचा भाग, त्याच्या स्टोरी मोडमध्ये शेवटी तोच अ‍ॅडेलबर्न समोर येतो. चार (इथे मात्र आकडाच) अनोळखी पोरांबरोबर केलं, ते स्किप स्किप म्हणत होते आणि मी म्हणत होतो थांबा जरा, शेवटी त्यांनी मला तिथेच टाकून पुढचा रूम सुरू केला.

आणि ब्लॅक सिटाडेल, चार जमातीची राजधानी, सगळं लोखंड आणि धूर, ती उभी आहे रिन शहराच्या अवशेषांवर. रिन म्हणजे जिथे पहिल्या गेममध्ये राजपुत्र रूरिकने बापाला, म्हणजे याच अ‍ॅडेलबर्नला, सांगितलं की राज्य गेलं, लोकांना घेऊन क्रायटा या दुसऱ्या राज्यात जाऊ, आणि बापाने त्याला हद्दपार केलं. रूरिक पुढे बर्फाच्या डोंगरात मेला. त्याची जळती तलवार सोहोथिन आता कुणाकडे आहे? रिटलॉककडे. रिटलॉक म्हणजे चार, आणि गेममधल्या मुख्य लोकांपैकी एक. आणि त्याचा दोस्त लोगन थॅकरे हा ग्वेनचा वंशज! त्या बासरीवाल्या पोरीचा. हे कळलं तेव्हा साडेबारा वाजले होते आणि मी रूममेटला मेसेज टाकला. सकाळी उत्तर आलं, "तू अजून त्या पोरीच्या मागेच आहेस का."

क्रायटाकडे तुलनेने सोपं गेलं. तिथल्या क्वीन्सडेलच्या दलदलीत दर दोन तासांनी शॅडो बिहेमथ नावाचा बॉस, म्हणजे सगळ्यांनी मिळून मारायचा मोठा राक्षस, येतो, गर्दी जमते, सगळे उड्या मारत नाचत वाट बघतात, आणि ज्या पडक्या भिंतींत उभे असतात ते टेंपल ऑफ द एजेस आहे याची कुणाला फिकीर नसते. पहिल्या गेममध्येही तिथे अशीच गर्दी असायची म्हणा, अंडरवर्ल्ड नावाच्या अवघड भागात जायला पार्टी, म्हणजे सोबती, शोधणाऱ्यांची. तेवढं मात्र टिकलं. लायन्स आर्च या बंदराच्या शहराची तर तऱ्हाच वेगळी, जुनं शहर ऑर हे बुडालेलं राज्य समुद्रातून वर आलं तेव्हाच्या लाटेत बुडालं, मग फुटक्या जहाजांचं नवीन उभं राहिलं, ते २०१४ मध्ये गेमच्या कथेतच उद्ध्वस्त झालं आणि २०१५ मध्ये पुन्हा बांधलं. मी पोचलो ते तिसऱ्यात.

मध्ये एक खूळ लागलं, पाट्या वाचायचं. माणसांच्या शहरांत सगळीकडे न्यू क्रायटन लिपी दिसते, ती मुळात इंग्रजी अक्षरांचीच वेगळी वळणं आहेत, तक्ता मिळाला की लागते. माझे आजोबा मोडी वाचायचे, तसा मी वहीत तक्ता काढून एकेक अक्षर लावत बसलो. पाऊण तास घालवून पहिली पाटी लागली ती दुकानाची. बायको म्हणाली निदान भाव तरी लिहिलाय का.

खरा त्रास ऑरला. तीन नकाशे आहेत तिथे, स्ट्रेट्स ऑफ डेव्हास्टेशन, माल्कर्स लीप, कर्स्ड शोअर, म्हणजे समुद्रात बुडालेलं आणि झायटन ड्रॅगनने वर काढलेलं राज्य, सगळे मुडदे. देवांची देवळं शत्रूच्या ताब्यात असतात, ती सोडवायचा इव्हेंट झाल्याशिवाय तिथले हिरो पॉइंट काही केल्या मिळत नाहीत, आणि एकट्याने ते होत नाही. बाल्थाझारच्या देवळासाठी सलग चार रात्री थांबलो. सर्व्हर आपल्याकडे नाहीतच, पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या वर, आणि चौथ्या रात्री लोक जमले, देऊळ सुटत आलं, तेवढ्यात आमचं ब्रॉडबँड गेलं. कस्टमर केअरवाला म्हणे राउटर बंद करून चालू करा. मी फोनचा हॉटस्पॉट लावून परत आत शिरलो, देऊळ सुटलेलं होतं, आणि पुन्हा पडायच्या आत पळत जाऊन पॉइंट घेतला. माल्कर्स लीपला मात्र उगाच रेंगाळलो. माल्कर हा देवांच्या मूर्ती घडवणारा, ड्वेना देवीवर जीव जडला आणि शेवटी कड्यावरून उडी टाकली, म्हणून ते नाव. कडा आहे तिथे. मीपण उडी मारून बघितली, मरतो.

शंभर टक्के झाल्यावर दोन गिफ्ट ऑफ एक्सप्लोरेशन मिळाल्या आणि नावाशेजारी चांदणी. त्यापासून लेजेंडरी हत्यार करतात, पण बाकीचं सामान जमवायचा माझ्यात दम नाही, दोन्ही बँकेत पडून आहेत. हॉल ऑफ मॉन्युमेंट्सचं पण बघितलं, जुन्या गेममधल्या कामगिरीवर ५० पैकी पॉइंट आणि ३० पर्यंत वस्तू मिळतात, पण जुनं अकाउंट रूममेटचं, त्यामुळे माझे शून्य.

म्हणून मागच्या महिन्यात जुना गेम स्वतःच्या नावावर घेतला. सर्व्हर अजून चालू आहेत. नवीन कॅरेक्टर काढलं, ग्वेनला बासरी दिली, लेव्हल सहा झालीय. परवा अ‍ॅकॅडमीवाल्याने विचारलं त्या मिशनला येतोस का, ज्यानंतर सीअरिंग होतं. नाही म्हटलं.