बाबांच्या फेवर ल्युबाचे काटे

बाबांचं फेवर ल्युबा सी चीफ हे मनगटी घड्याळ ते गेल्यापासून कपाटात बंद पडून होतं. ते विकून येतील ते पैसे त्यांच्या शाळेच्या वाचनालयाला द्यावेत, असं आईच्या मनात आलं. बंद घड्याळ कोण घेणार, म्हणून मी ते आधी दुरुस्तीला टाकलं. चूक तिथेच झाली.

आठवड्याने घड्याळ हातात आलं तेव्हा मी हरखले. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, आरशासारखी चकचकीत, काच नवी, चावी नवी, काटे नवे. डायलवरचे डाग रंगवून घालवू का, असंही दुकानदाराने विचारलं होतं. पैसे जास्त सांगितले म्हणून मी नको म्हटलं. तेवढं वाचलं.

ओळखीतले एक काका जुनी घड्याळं जमवतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मग नोटा तपासायचा जांभळा टॉर्च काढला. काटे लख्ख हिरवे उजळले. डायलवरचे अंधारात चमकणाऱ्या रंगाचे जुने ठिपके मात्र तपकिरी, विझलेले.

"काटे कालचे आहेत गं. जुने कुठेत?"

मी ते मागितलेच नव्हते.

मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी स्प्रिंग, किंवा बॅलन्सचा स्टाफ, म्हणजे आतल्या डोलत्या चाकाचा आस, बदलला तर कुणी फारसं मनावर घेत नाही, ते झिजायचेच. काचेचंही तसंच. पण डायल, काटे, चावी आणि केस हा घड्याळाचा चेहरा, आणि जमवणारा पैसे मोजतो ते त्या चेहऱ्याचे. फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५च्या सुमारास मुंबईत आली, त्यामुळे आपल्याकडे ही घड्याळं भरपूर, आणि रंगवलेल्या डायलचीही तितकीच. परदेशातले लोक असल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि लांब राहतात. कंपनीचाच अस्सल भाग घातला तरी भाव उतरतो, हे मला नवीन होतं. जुन्या रोलेक्सच्या बऱ्याच डायलवर तळाशी ट्रिटियमचा, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या रंगातल्या द्रव्याचा, 'टी' असतो. सर्व्हिसिंगमध्ये डायल बदलून तो गेला, की किंमतही गेली.

काकांनी बोली सांगितली. मी गप्प घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन जुने भाग मागितले. "टाकले असतील, ताई," असं उत्तर आलं. मी तिथेच बसून राहिले. तासाभराने कामाच्या मुलाने प्लास्टिकची एक डबी ओतली, त्यात दोन्ही काटे सापडले. चावी नव्हती. त्यासाठी पुण्याच्या जुन्या बाजारात चार रविवार फिरले. शेवटी एक मोडकं सी चीफ मिळालं, डायल भडक निळा रंगवलेला, पण चावीवर कंपनीची वाळूच्या घड्याळाची खूण शाबूत. तिचे आटे आमच्या स्टेमला, म्हणजे चावीच्या दांडीला, बसले.

काटे आणि चावी बसवायला मी दुसऱ्या कारागिराकडे गेले. त्यांनी मागचं झाकण उघडून मला आतली बाजू दाखवली. पूर्वीच्या घड्याळजींनी सुईने कोरलेल्या बारीक तारखा तिथे होत्या, एक तर माझ्या जन्माआधीची. बाबांनी हे घड्याळ किती जपलं होतं, ते मला तिथे कळलं.

पॉलिशमध्ये पट्टा अडकवायच्या कानांच्या कडा गोल झाल्या, त्या आता परत येणार नाहीत. याचं मला अजून वाईट वाटतं.

काय काय बदललं ते सगळं कागदावर लिहून घड्याळ पुन्हा काकांपुढे ठेवलं. पहिल्या बोलीच्या जवळजवळ दीडपट पैसे मिळाले. पॉलिशचे त्यांनी कापलेच, आणि ते बरोबरच होतं.