बागेत गवत? अण्णा तर घरातच घेणार नाहीत!

आमच्या पिंपळगावकडं द्राक्षाची बाग कशी पाहिजे तर आरशासारखी. बोदावर (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यावर) तणाची एक काडी दिसली की बांधावरून जाणारा हमखास टोमणा मारतो, "काय, यंदा बाग सोडून दिली का काय?" अशा घरातली मी पोरगी, गेल्या वर्षी जर्मनीत गायझनहाइमला द्राक्षशेतीचं शिकायला आले. ऱ्हाइन नदीच्या काठावरचं एवढंसं गाव, पण इथलं कॉलेज १८७२ सालचं, त्यामुळं द्राक्षवाल्यांची ही पंढरीच समजा.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा रिझलिंगच्या (इथल्या वाइनच्या द्राक्षाची जात) बागेत गेले तर वेलींना नुकते डोळे फुटत होते आणि दोन ओळींच्या मधे घोट्याच्या वर गवत, त्यात पिवळ्याधमक डँडेलियनच्या फुलांचा सडा. मी हौसेनं फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, रिप्लाय आला, "तिकडं मजूर मिळत नाही का?"

मलाही पहिले दोन-तीन आठवडे असंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मग आमचं पहिलं फील्डवर्क लागलं, गांडुळं मोजायची. त्यासाठी काय लागतं? मोहरीची पूड! अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट जमिनीवर ठेवायची, आतलं गवत कापायचं, पाण्यात कालवलेली मोहरी हळूहळू ओतायची आणि वाट बघत बसायचं. मोहरीचा झणका लागला की बिळातली गांडुळं तडफडत वर येतात, चिमट्यानं उचलून साध्या पाण्यात धुवायची, मोजायची, परत सोडायची (आमच्या आजीनं बघितलं असतं तर म्हणाली असती, लोणच्याची मोहरी मातीत घातली कार्टीनं). गवतवाल्या ओळीत उचलता उचलता हात पुरेनात, आणि शेजारच्या, सतत फणणी करून माती उकरत ठेवलेल्या ओळीत आम्ही चौघं नुसते चौकटीकडं बघत बसलो, शेवटी दोन आली, तीपण बारकी.

यातलं जे मोठं गांडूळ असतं ना, ते सरळ खाली बीळ करतं, रात्री वर येऊन पडलेलं पान तोंडात धरून आत ओढून नेतं. त्याच बिळातून पावसाचं पाणी खाली उतरतं आणि वेलीची मुळीही आयती वाट मिळाली म्हणून त्यातूनच जाते. आपण ट्रॅक्टरनं रोटर मारून माती भुसभुशीत करतो तेव्हा हे सगळं बांधकाम एका फेरीत पाडतो. मला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि इथं गवत म्हणजे आपोआप उगवलेलं तण असं नाही, बऱ्याच ठिकाणी मुद्दाम पेरतात. फॅसेलिया, व्हेच, क्लोव्हर (आपल्या बरसीमच्या घराण्यातलं), राय (गव्हासारखं धान्य), तेलमुळा असं मिक्स. शेंगवर्गीय झाडं नत्र देतात, रायची मुळं माती धरून ठेवतात, मुळा खाली घुसून जमीन मोकळी करतो. नुसती मोहरी किंवा मुळा का नाही लावायचा, तर वेलीच्या मुळांवर मायकोरायझा नावाची बुरशी असते जी लांबून स्फुरद आणून देते, आणि मोहरीच्या कुळातल्या झाडांवर ती जगतच नाही. ती टिकायला सोबत दुसरी झाडं लागतात. पण शेतकऱ्यांना विचाराल तर ते सगळ्यात आधी वेगळंच कारण सांगतात, पावसानंतर फवारणीला ट्रॅक्टर आत जाऊ शकतो. हे वाचून आमच्याकडच्यांना ऑक्टोबर आठवला असेल, डाऊनी (ओलाव्यात पसरणारा द्राक्षाचा रोग) डोक्यावर आणि ट्रॅक्टर चिखलात!

आता याची दुसरी बाजूपण सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी जर्मन झाली. इथं वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, आणि २०१८, २०२२ सारख्या कोरड्या वर्षी हेच गवत वेलीच्या तोंडचं पाणी पळवतं. पाणी आणि नत्र कमी पडलं की पुढं वाइनला एक घाण वास येऊ शकतो, थेट डांबरगोळ्यांचा. म्हणून बरेच जण एक ओळ हिरवी, एक ओळ उघडी ठेवतात, आणि उन्हाळा तापला की गवत कापण्यापेक्षा रोलरनं आडवं पाडतात, म्हणजे तेच आच्छादन होतं. गंमत म्हणजे इथल्या बागांमधे पिवळे रानटी ट्युलिप असायचे, कुदळणी व्हायची म्हणून टिकलेले. तणनाशकानं ते गेले आणि कायमच्या दाट गवतातही त्यांना जागा राहिली नाही.

कॉलेजच्या प्रयोगाच्या बागेत २००६ पासून साधी, ऑर्गॅनिक आणि बायोडायनॅमिक (ऑर्गॅनिकचाच आणखी एक पंथ) अशी रिझलिंग शेजारीशेजारी ठेवून तुलना चालू आहे, त्यात ऑर्गॅनिकवाल्यांचं उत्पन्न कमीच भरलं. शिवाय ऑर्गॅनिक म्हणजे फवारणी नाही असं डोक्यात असेल तर काढून टाका, डाऊनीला तांबं मारावंच लागतं. युरोपात ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा आहे, कारण तांबं मातीतून जात नाही, वरच्या थरात साठतं आणि गांडुळं तिथून काढता पाय घेतात. आपण मोरचूद (म्हणजे तांबंच) आणि चुना कालवून बोर्डो मारतो तेव्हा हा हिशोब कोण ठेवतं?

म्हणून अण्णांना मी "गवत ठेवा" असं सांगितलं नाही. एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी चाळीस डिग्रीत, विहीर तळाला गेलेली असताना हिरवं गवत कोण पोसणार? आणि इथला पाऊस वर्षभर थोडा थोडा, आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा. म्हटलं, पावसाळ्यात मधल्या पट्ट्यात ताग टाका, ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीच्या आधी आडवा पाडा, बोदावर उसाचं पाचट घाला, आणि पहिल्या वर्षी दोनच ओळी करा. त्यावर नुसतं "बघू" आलं. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही.

मग मी त्यांना चड्डीची गोष्ट सांगितली. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली शास्त्रज्ञांनी सुमारे हजार लोकांना सुती चड्ड्या वाटल्या, जमिनीत पुरायला! दोन महिन्यांनी उकरायची, जितकी जास्त खाल्लेली तितकी माती जिवंत, चांगल्या मातीत फक्त इलॅस्टिक उरतं. जोडीला ग्रीन टी आणि रूइबॉसच्या (आफ्रिकेतल्या एका झुडपाचा चहा) टी-बॅगापण पुरल्या होत्या, त्या आम्हीही इथं पुरतो. अण्णा फोनवर इतके हसले की खोकला लागला.

परवा आईचा व्हिडिओ कॉल, "अगं, ह्यांच्या पट्ट्यापट्ट्याच्या दोन चड्ड्या दोरीवरनं गेल्या, कुत्र्यानं नेल्या का काय?" मी आईच्या मागं बसलेल्या अण्णांकडं बघितलं, ते व्हिडिओ कॉलमधून हळूच बाहेर सरकले.