गुंडावरचे नाव आणि वजनाचा भाव

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या इतवारी भागातल्या एका भंगाराच्या दुकानात, फुटक्या बादल्या आणि कूलरच्या गंजलेल्या जाळ्या यांच्या ढिगाखाली, मला पितळेचा एक गुंड दिसला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की पाणी भरण्याच्या ज्या मोठ्या भांड्याला इतरत्र घागर किंवा हंडा म्हणतात, त्याला आमच्याकडे गुंड म्हणतात. त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी एका बाईचे नाव, तिच्या गावाचे नाव आणि १९६१ हे साल कोरलेले होते. लग्नात द्यायच्या भांड्यावर दुकानातच असे नाव घालून घेण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती, आणि ते नाव टोचणाऱ्याचा हात सराईत असेल तर साठ वर्षांनंतरही अक्षर बोटाला लागते. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवत असताना दुकानदाराने गुंड माझ्या हातातून घेऊन काट्यावर ठेवला. "बाई, पितळ म्हणजे पितळ. नाव पाहून कोणी जास्त पैसे देते का?" असे म्हणून त्याने ३ किलो २०० ग्रॅमचे, ४५० रुपये किलोप्रमाणे, १,४४० रुपये घेतले.

नाव पाहून जास्त पैसे देणारे लोक आहेत, आणि माझा व्यवसाय त्यांच्यावरच उभा आहे. चार वर्षांपासून मी जुन्या वस्तू शोधून, साफ करून, त्यांची नीट माहिती लिहून इन्स्टाग्रामवर विकते. तो गुंड पुण्याच्या एका कुटुंबाने ३,८०० रुपयांना घेतला. पोचे काढणाऱ्या कारागिराला १५० रुपये दिले, खोके, पुठ्ठा आणि बबल रॅप यांना १८० लागले, पार्सलला ४२०. हे सगळे वजा जाता माझ्या हाती १,६१० रुपये राहिले. दोन दिवस मी समाधानात होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्या दुकानी गेले असता बोलता बोलता कळले, की ज्या घरून तो गुंड आला होता, त्यांना किलोमागे ३५० रुपये मिळाले होते. म्हणजे ज्यांच्या घरच्या बाईचे नाव त्यावर होते, त्यांच्या पदरी १,१२० रुपये पडले, आणि तिला कधीही न पाहिलेल्या माझ्या पदरी त्याहून अधिक. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही: वजनाचा भाव आणि वस्तूची किंमत यांच्यामधल्या अंतरावर माझा हक्क नेमका कशामुळे तयार होतो?

माझ्यापुरते उत्तर असे आहे, की तो हक्क कामामुळे तयार होतो, समोरच्याच्या अज्ञानामुळे होत नाही. आणि हे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा बरेच आहे.

पितळेपुरतेच बोलायचे तर पहिली गोष्ट म्हणजे धातू ओळखणे. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा, हे तर कोणीही तपासू शकते. त्यापुढे जोड पाहावा लागतो, तळ पाहावा लागतो, ठोकून घडवलेल्या भांड्याच्या अंगावर हातोडीच्या खुणा आहेत की साच्यातून निघालेला गुळगुळीतपणा आहे, हे उजेडात फिरवून बघावे लागते. आमच्यापासून साठेक किलोमीटरवरचे भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते, त्यामुळे नागपूरच्या जुन्या घरांतून निघणारा माल बहुधा चांगला जाड असतो. दुसरी गोष्ट साफसफाईची. सुरुवातीला मी प्रत्येक भांडे बफ मारून सोन्यासारखे लखलखीत करून घेत असे, आणि जाणकार गिऱ्हाईक ते फोटो पाहून निघून जात असे. जुन्या पितळेवर वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने जो तपकिरी, मऊ रंग चढतो तोच त्याचा दागिना असतो, आणि बफच्या चाकाखाली तो दोन मिनिटांत कायमचा जातो. आता मी केवळ हिरव्या डागांपुरते चिंच आणि मीठ लावून कळंक काढते, कोमट पाण्याने धुते, लगेच कोरडे करते आणि तिथेच थांबते. भांडे स्वयंपाकासाठी हवे असेल तर आतून कल्हई करून घ्यावी लागेल, हे मात्र प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिते, कारण पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ तसाच ठेवणे आरोग्यास हानिकारक आहे.

माहिती लिहिणे हा या व्यवसायाचा गाभा आहे असे मला वाटते, आणि ते मी एका चुकीतून शिकले. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फुटपाथवर मांडून बसलेल्या एका विक्रेत्याकडून मी एचएमटी या सरकारी कंपनीचे काळ्या डायलचे 'पायलट' घड्याळ ९०० रुपयांना घेतले. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली. पुढे कितीतरी घरांत पहिल्या पगाराचे किंवा जावयाला द्यायचे घड्याळ म्हणजे एचएमटीच असे, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची कंपनी बंद करण्यास मंजुरी दिल्यावर या चावीच्या घड्याळांना वेगळीच मागणी आली. मागणी आली की नक्कलही येते. मी ते घड्याळ 'अस्सल, मूळ स्थितीत' असे लिहून कोल्हापूरच्या एका गृहस्थांना २,६०० रुपयांना विकले. आठवड्याभरात त्यांचा अतिशय सभ्य भाषेतला संदेश आला. डायल नव्याने रंगवलेली आहे, अक्षरे मूळपेक्षा जाड आहेत, कडेच्या मिनिटांच्या रेघा एका बाजूला दाटल्या आहेत आणि केस, म्हणजे यंत्राभोवतीचे कवच, दुसऱ्याच मॉडेलची आहे, असे त्यांनी एकेका फोटोवर बाण काढून मला दाखवले होते. मी पूर्ण रक्कम आणि जाण्यायेण्याचा टपालखर्च परत केला.

मी खोटे बोलले नव्हते, पण मला जे माहीत नव्हते ते मी माहीत असल्यासारखे लिहिले होते, आणि विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत काहीही फरक नाही. आता मी घड्याळाचे मागचे झाकण कारागिराकडून उघडून घेते, यंत्राचा फोटो टाकते, आणि डायल मूळची आहे याची खात्री नसेल तर 'मूळ' हा शब्दच वापरत नाही. तेच घड्याळ पुढे 'डायल नव्याने रंगवलेली, केस बदललेली, यंत्र चालू' असे लिहून मी १,२०० रुपयांना विकले. ते घेणाऱ्या महाविद्यालयीन मुलाला ते रोज हातात घालायचे होते, आणि त्या वापरासाठी ती किंमत योग्य होती.

तेव्हापासून माझा नियम असा, की वस्तूचा पहिला फोटो तिच्या दोषाचा असावा. पोचा, तडा, उडालेला मीना, झिजलेली कड हे सारे सकाळच्या उजेडात, फिल्टर न लावता दाखवावे. उंची, तोंडाचा व्यास आणि वजन लिहावे. गिऱ्हाईक घटतील अशी भीती वाटते, आणि काही घटतातही, पण माल परत येण्याचे प्रमाण माझ्याकडे आता जवळजवळ शून्यावर आले आहे.

किंमत ठरवताना बहुतेक नवखे विक्रेते इतरांनी मागितलेल्या किमती पाहतात, आणि तिथेच फसतात. मागायला कोणी काहीही मागू शकते. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूला काय मिळाले हेच पाहायला हवे. ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतात, असे संदेश फिरत असतात. आमच्या शेजारच्या काकूंनी अशी एक नोट पदराच्या गाठीतून काढून माझ्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची आशा पाहून हे संदेश खोटे आहेत असे मला सांगणे जड गेले. अशा व्यवहारांसाठी आपले नाव वापरून लोकांकडून शुल्क उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. काकूंनी 'नोंदणी शुल्क' भरण्याआधी मला विचारले, एवढे तरी बरे झाले. विकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, की पैसे घेण्यासाठी कधीही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही.

नागपूरच्या उन्हाविषयी एक स्वतंत्र परिच्छेद लिहायलाच हवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सहज जातो; २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ पर्यंत गेला होता. एका मे महिन्यात मी नाट्यसंगीताच्या तीन एलपी, म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्या, नाशिकला पाठवल्या. पार्सल दुपारभर बंद गाडीत राहिले असावे, कारण तिथे पोहोचल्या तेव्हा तिन्ही तबकड्या भाजलेल्या पापडासारख्या वाकल्या होत्या. पैसे परत करता आले, तबकड्या मात्र परत आणता आल्या नाहीत, आणि त्यांतली एक मला पुन्हा कुठे मिळालेली नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, म्हणजे ७८ आरपीएमच्या, जुन्या तबकड्या तर लाखेच्या असतात, त्या उन्हाने मऊ पडतात आणि हातातून सुटल्या तर काचेसारख्या फुटतात. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत मी आता एकही तबकडी पाठवत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ आहेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, कलाकुसरीची वस्तू ही पुरावशेष ठरते. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेल्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात मला लाल कापडात बांधलेली एक हस्तलिखित पोथी दाखवण्यात आली, तेव्हा मी ती उघडूनही पाहिली नाही. अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, जाऊन आधी चौकशी करा, असे त्यांना सांगितले. हस्तिदंती फणी, वाघनखांचे लॉकेट, सांबराची शिंगे हे तर किती का जुने असेना, वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे विकणे गुन्हा आहे, आणि विदर्भातल्या जुन्या घरांत या वस्तू अजूनही निघतात. कराच्या बाबतीत, राज्याबाहेर माल विकायचा तर जीएसटी नोंदणी लागते, म्हणून पहिली दोन वर्षे मी केवळ महाराष्ट्रातच विकले आणि नंतर नोंदणी करून घेतली. वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला, खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसेल तर, खरेदी आणि विक्री यांच्या फरकावरच कर भरण्याची सोय नियमांत आहे. ती आपल्या सनदी लेखापालाकडून समजून घ्यावी.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे येते. गुंडाच्या प्रकरणानंतर मी शक्यतो थेट घरून घ्यायला सुरुवात केली. महाल आणि इतवारीतले जुने वाडे पाडून तिथे फ्लॅट उभे राहत आहेत, आणि वाडा रिकामा करताना माळ्यावरून उतरलेली कोपरे म्हणजे पराती, गंज म्हणजे पातेली, गंगाळे, पानाचे डबे कुठे ठेवायचे हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो. मी गेले की आधी पितळेचा त्या दिवसाचा भंगाराचा भाव सांगते, मग ती वस्तू मी साधारण कितीला विकू शकेन तो आकडा सांगते, आणि त्याच्या निम्मे पैसे देते. पावतीवर दोघांच्या सह्या असतात, कारण माल कुठून आला हे उद्या कोणी विचारले तर मला दाखवता आले पाहिजे. त्या पहिल्या गुंडाला हाच हिशेब लावला असता तर घरच्यांना १,९०० रुपये मिळाले असते आणि मला १,१५०. माझे ४६० रुपये कमी झाले असते. माझ्या ओळखीच्या काही विक्रेत्यांना हा हिशेब भोळेपणाचा वाटतो. मला तो परवडतो, आणि एका घराने दुसऱ्या घराला माझे नाव सांगितल्यामुळे गेल्या वर्षभरात मला भंगाराच्या दुकानाची पायरी फारच थोड्या वेळा चढावी लागली आहे.

मागच्या महिन्यात महालातल्या ऐंशीच्या घरातल्या एका आजींकडून मी असाच एक गुंड घेतला. त्यावर त्यांच्या सासूबाईंचे नाव होते. पावती लिहून झाल्यावर आजी म्हणाल्या, "भांडं ने बेटा, पण नाव नको नेऊ." परक्या घरात त्या नावावर कोणाचा पाय लागेल, कोणी त्यात कुंडी ठेवेल, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. मी त्यांना खरे ते सांगितले, की नावामुळेच या भांड्याला सुमारे ८०० रुपये जास्त येतील आणि नाव काढले तर त्यांच्या वाट्याचे ४०० कमी होतील. त्यांनी मान हलवली आणि मोजलेल्या नोटांतल्या चार माझ्यापुढे परत सरकवल्या. कारागिराने कानशीने ती ओळ घासून काढली आणि वरून हलका हात मारून रंग मिळवून दिला. दिसायला आता काही दिसत नाही, पण गळ्याखाली अंगठा फिरवला की तेवढी पट्टी किंचित खोलगट लागते. विक्रीच्या माहितीत उंची, वजन आणि तळाजवळचा पोचा यांच्या खाली मी लिहिले आहे: 'येथे पूर्वी नाव होते. मालकिणीच्या इच्छेवरून काढले आहे.'